अक्काचं घर मी बांदल्तं

माजं नाव मल्लप्पा. आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात, पार शिवेला, घरात कन्नड आनि दाराबाहेर मराठी, आनि आता सोलापुरात ऱ्हाऊन इतकी वर्सं झाली की कुटली भाषा माजी ते मलाच कळंना झालंय. आमच्या घरात गवंडीकाम. अप्पा, म्हंजे माजा बाप, दगडाची घरं बांदायचा, आनि आई आमची मी रांगत असतानाच गेली, म्हनून मला वाडवलं ते थोरल्या भैनीनं. अक्का म्हनायचो तिला. ती तरी केवडी हुती, माज्यापरीस सात वर्सांनी मोटी, पर कडंवर घिऊन हिंडायची, भाकरी कुस्करून भरवायची. काय सांगू तुमाला, आईचं तोंड मला आटवत न्हाय, अक्काचं आटवतंय.

अक्काला दिली तेरणेच्या काटाला, किल्लारीच्या बाजूला. त्या अंगाला समदी घरं काळ्या दगडाची. भिंत दोन हात रुंद, चुना न्हाय शिमिट न्हाय, नुसत्या मातीत बसवलेली, आनि वर लाकडं टाकून मातीचं धाबं. आत उनाळ्यात गारेगार. पावसाच्या आदी धाबं गळू न्हाय म्हनून लोक वर आनिक माती टाकायचे, पुडल्या वर्सी आनिक टाकायचे, जुनी कोन काडतंय. असं करत करत डोक्यावर किती वजन झालंय ते कुनी बगितलंच न्हाय. आमीबी न्हाय बगितलं, आनि आमी तर गवंडी.

आता ती भिंत कशी असती ते सांगतो, म्हंजे पुडचं कळंल. भायेरनं एक तोंड असतं दगडाचं, आतनं एक तोंड, आनि मदी बारीक दगड नि माती भरायची. ही दोन तोंडं एकमेकाला धरून ऱ्हावीत म्हनून मदनं मदनं एक लांब दगड घालायचा, या तोंडापासनं त्या तोंडापातूर आरपार. अप्पा म्हनायचा, मल्ल्या, ह्यो दगड घालताना आळस करू नगं, ह्यो कुनाला दिसत न्हाय. तसला लांब दगड खानीत लवकर गावत न्हाय, उचलायला दोन मानसं लागत्यात, घडवायला सकाळ जाती.

अक्काच्या मालकानं, आमच्या दाजीनं, नवीन घर काडलं तवा अप्पाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरल्ता. दाजी म्हन्ले, मल्लप्पा, तूच बांद. माज्या एकट्याच्या हातचं ते पयलं घर. दगडाची तोंडं मी अशी घडवली की दोन दगडांत सुई जाऊ न्हाय. खालच्या थरांत आरपार दगड घातले, न्हाय असं न्हाय. मंग वर वर जाताना दगड गावंना, दिवाळीला घरात जायचं म्हनून दाजीची घाई, मलाबी आपलं काम कवा दिसतंय असं झाल्तं. म्हन्लं राहू दे. भिंत तर उबी हाय की. मग न्हायच घातले. अप्पा आला, भिंतीवरनं हात फिरवला, त्येला दिसत न्हवतं, त्येनं इचारलं, मदले दगड घातलेस का रं. मी म्हन्लं घातले.

अक्का गावभर सांगायची, माज्या भावानं बांदलंय.

भूकंपाच्या आदल्या वर्सापासनं तितली जमीन गुरगुरायला लागल्ती. लोक काय काय बोलायचे, कोन म्हने देवीचा कोप, कोन म्हने धरनाच्या पान्यानं हुतंय. अक्का नागपंचमीला पोरांना घिऊन माज्याकडं सोलापूरला आली तवा म्हन्ली, मल्लू, मांडनीवरची भांडी आपोआप वाजत्यात रं, रातीला झोप लागत न्हाय, ह्यांना म्हन्लं शेतात पाल टाकून ऱ्हाऊ तर ऐकत न्हाईत, तू सांग की. मी काय सांगितलं ऐका. म्हन्लं, अक्का, दोन हाताची भिंत हाय, मी बांदलीया, ती पडंल व्हय. उगं पालात ऱ्हाऊन पोरांना सर्दी लावशील. ती हसली. तू म्हनतोस तर बरं, म्हन्ली, आनि दुसऱ्या दिवशी एश्टीनं गेली.

गनपती बुडवले त्याच रातीला, पहाटं झालं. हितं सोलापुरातबी कॉट हालली, आमी रस्त्यावर पळालो. उजाडल्यावर कळलं की तिकडं गावंच्या गावं बसलीत. मी मिळंल त्या टेम्पोत, ट्रकात बसून दुपारपातूर पोचलो. गल्ली कुटली न् घर कुटलं कळंना. समदा दगडाचा ढीग, आनि वर त्या धाब्याची माती, वर्सावर्साची. मला अक्काचं घर कसं गावलं सांगू का, मी घडवलेल्या दगडावरनं. माज्या टाकीचे घाव मला वळखू आले.

भिंत मदनं उकलल्ती. भायेरचं तोंड भायेर पडलं, आतलं तोंड आत, मानसांवर, मंग वरनं धाबं. एक कोपरा अर्दा उबा हुता, त्यात मला दिसलं की मदी नुसती माती. वरच्या थरांत आरपार एकबी दगड न्हाय. तितं दुसरं कोन बगनारं हुतं. मीच बगितलं.

हातानं उकरलं आमी. अक्का गावली तान्ह्या लेकराला पोटाशी धरून, दारापासनं दोन हातावर. थोरली पोरगी सुवर्णा, पाच वर्सांची, ती लोखंडी कॉटखाली हुती, एक पाय मोडला, पर जित्ती हुती. दाजी त्या रातीला राखनीला शेतात गेल्ते म्हनून वाचले. ते माज्याशेजारी चिखलात उबे हुते, पाऊस लागल्ता वरनं, आनि माज्या खांद्यावर हात ठिवून म्हन्ले, मल्लप्पा, तू जीवाला लावून घिऊ नगं, तुजी भिंत वंगाळ न्हवती, देवानंच पाडली. आनि मी व्हय म्हन्लो. ते दोन वर्सांत खंगून गेले, पर तवर मी त्यांना व्हयच म्हनत आलो.

पुडं सरकारनं गवंड्यांना शिकवायला शिबिर घेतलं, मी गेलो. एक तरनं इंजिनेर पोरगं सांगायचं, जमिनीच्या पोटात खडक एकमेकाला रेटतोय, दाब साठत जातो, आनि कवातरी खडक तडकतो. मला लगीच पटलं. खानीत आमी एकाच रेघंवर घन मारतो, वीस घाव मारले तरी दगडाला काय झाल्यागत वाटत न्हाय, आनि एकविसाव्याला उबा फाटतो. म्हंजे त्यात कुनाचा कोप न्हवता. जमीन हालली ती तिच्या कारनानं. पन मानसं मेली ती भिंतीखाली, आनि भिंत तर मानसानं बांदलेली. जेवनाच्या सुट्टीत मी त्या पोराला बाजूला घेतलं, इचारलं, साहेब, आरपार दगड असते तर? त्येनं इचार केला. म्हन्लं, काका, एवडं जड धाबं, सांगता येत न्हाय, तरीबी पडली असती कदाचित. पर जरा दमानं पडली असती. दार गाठायला चार पावलं मिळाली असती.

दारापासनं दोन हातावर गावल्ती अक्का.

त्या दिवसापासनं मी दगडाचं काम सोडलं. हितं सोलापुरात कालमाची, स्लॅबची कामं केली. सुवर्णाला मी आनि माज्या बायकोनं वाडवलं. जरा लंगडती, पर हुशार, शिकली, आता शाळेत क्लार्क हाय, नवरा चांगला हाय. मामा मामा करत रोज संध्याकाळी यायची, आल्याबिगर तिला करमायचं न्हाय. बायको गेल्यावर तर माजं जेवनबी तीच बगायची.

ह्या वर्सी तिनं जुळे सोलापूर म्हनत्यात त्या नव्या वस्तीत घर काडलं. मी बगाया गेलो तर ठेकेदार कालमातल्या उब्या सळयांना धरून ठिवनाऱ्या लोखंडी रिंगा लांब लांब बांदत हुता, टोकंबी आत वळवलेली न्हाईत. मी भांडलो. ठेकेदार हसला, काका, हितं कुटला भूकंप येतोय. मी रोज जाऊन भांडायला लागलो. शेवटी सुवर्णा म्हन्ली, मामा, लोक हसाया लागलेत, एवडं काय त्या रिंगांचं, कुनाला दिसनार हायत त्या.

ते ऐकलं आनि माज्यानं ऱ्हावलं न्हाय. तितंच वाळूच्या ढिगावर बसून समदं सांगितलं तिला. दगड गाळल्याचं, अप्पाला खोटं बोलल्याचं. तिनं एकच इचारलं.

आईनं तुमाला इचारल्तं, शेतात ऱ्हाऊ का म्हनून?

व्हय.

मंग तुमी काय म्हन्ला?

म्हन्लं, मी बांदलीया, पडंल व्हय.

ती उटली. ठेकेदाराकडं गेली, त्येला म्हन्ली, ह्ये म्हनत्यात तशा रिंगा घाला, समद्या सोडा आनि परत बांदा. मंग गाडीवर बसून गेली.

त्याला आता आट महिने झाले. घर पक्कं झालं, मी बगितलंय, काँक्रीट वतायच्या आदी रिंगांमदलं अंतर काडीनं मोजून बगितलंय. वास्तुशांतीचं बोलावनं आलं, पर ते जावयानं फोनवर दिलं. मी गेलो. सुवर्णानं ताट आनून दिलं, जसं समद्यांना दिलं तसं. बसा, जेवा, म्हन्ली. मामा न्हाय म्हन्ली.

जावई डबा आनून देतो रोज. तिच्याच हातचं असतं, मला चव कळती. मी इचारत न्हाय, तो सांगत न्हाय. तुमी म्हनाल, एवडी वर्सं गप ऱ्हायलास तसं ऱ्हायचं हुतंस की. ऱ्हायलो असतो तर त्या रिंगा झाल्या नसत्या. आता झाल्यात. तिनं आनि तिच्या लेकरांनी त्या घरात शंबर वर्सं सुकानं झोपावं. माज्याकडं तिनं यावं असं मी म्हनत न्हाय. मी तिच्या जागी असतो तर आलो नसतो.