बसलेला पायलट

...अन् वरून म्हणते कसा, ‘कॅप्टन, जरा ॲडजस्ट करा ना!’ अरे, मी काय एस.टी.च्या बाकावर बसलो का, थोडा सरकलो अन् झालं ॲडजस्ट? विमान आहे ते! अन् मले कॅप्टन म्हणू नको, मी को-पायलट आहे, उजवीकडं बसणारा, नागसेन नाव माहं, नांदगाव खंडेश्वरचा. पण हा योगेश, म्हणजे आमच्या ड्युट्या लावणारा पुण्याचा साहेब, त्याचं काम अडलं की मी कॅप्टन, अन् काम झालं की ‘कोण नागसेन?’... जाऊ द्या. तुमाले पहिल्यापासून सांगतो, नाही तर तुमी म्हणसान हा गडी धावपट्टीवरच घसरला.

तर आमची कंपनी, पूर्णा एअर. विमान किती? एक. अमरावती-पुणे, पुणे-अमरावती. पायलट किती लागतात? आठ. आहेत किती? चार! त्यातला एक राजीनामा देऊन दिवस मोजून राहिला, म्हणजे धरा साडेतीन. अन् सगळे कंत्राटी, सहा-सहा महिन्यांचे. पाचवा महिना लागला की माणूस साहेबाच्या तोंडाकडं पाहाले लागते, हा आज हसला तो काहून हसला? आमचे रऊफ कॅप्टन, अकोल्याचे, आखाती देशात वीस वर्षं विमान उडवून आलेले, ते म्हणतात, ‘मियाँ, कंत्राटात तू कंपनीचा नोकर नाही अन् पाहुणाबी नाही. जेवाले बोलावतील, पण ताट उरलंच तर.’

आता माणसं कमी पडली तर तुमी काय करसान? माणसं घेसान. हो ना? साधी गोष्ट आहे! मॅनेजमेंटनं काय केलं? चिखलदऱ्याले शिबिर ठेवलं. ‘कमी मनुष्यबळात आनंदानं काम कसं करावं’! अन् त्या शिबिराले सगळे पायलट नेले. मंग विमान कोण उडवणार? कोणीच नाही! दोन दिवस विमान उभं, अन् आमी तिकडं थंडीत गोल करून डोळे मिटून बसलो, अन् योगेश म्हणून राहिला, ‘कल्पना करा, तुम्ही उडताय...’ अरे बाप्पा, प्रवासी तिकडं बोंबलून राहिले अन् मी इकडं कल्पना करू! काय करता? मी आपला बसलो.

बरं, ड्युटी नसली तरी सुटका नाही. राखीव! म्हणजे गणवेश इस्तरी केलेला, बूट दाराशी, अन् फोन आला की दीड तासात विमानतळ. माही बायको प्रियदर्शनी अकोल्याच्या कॉलेजात शिकवते, म्हणून घर अकोल्याले; अन् विमानतळ पार अमरावतीपाशी, बेलोऱ्याले. बडनेऱ्यापर्यंत पोचलो की फोन, ‘कॅप्टन, नकोय आज.’ परत फिरून मूर्तिजापूरले आलो की फोन, ‘कॅप्टन, हवंय हो!’ पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या अन् दिवसातून चार खेपा... मूर्तिजापूरच्या चहावाल्यानं एक दिवस विचारलं, ‘साहेब, कोनत्या डेपोले हाये तुमी?’ हसू नका! त्याले तरी काय बोलाचं? त्यानं बाक पुसला, मी आपला बसलो.

पण हे सगळं गेलं चुलीत. माहं दुखणं वेगळंच आहे. माही माय.

माही माय इंदूबाई. तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस, दुसऱ्यांच्या लेकरायले खिचडी वाढली अन् मले शिकवलं. तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागतली, ‘नागसेन, मले एकडाव तुह्या इमानात बसव. तू पुढं, मी मांगं. पन मले तू दिसनार नाई ना? मंग माइकात बोलजो. तुहा आवाज आला की मी समजीन.’ बस, एवढंच! चारदा तिकीट काढलं, अन् चारही डाव विमान तरी रद्द झालं नाही तर माही ड्युटी बदलली. माय चारदा तयार होऊन, पिशवी घेऊन, अंगणात बसून राहिली. वच्छलामावशी शेजारून विचारे, ‘गेली नाई का वं इंदू?’ ते ऐकून मले मायच्या घरात शिरावं नाही वाटे.

अन् तेवढ्यात निर्णय आला. एक तारखेपासून अमरावती बंद! विमान दुसऱ्या राज्यात, माहं कंत्राट तीसले संपते, पुढचं पुढं. म्हणजे अमरावतीहून माह्या नावाची उरली एकच फेरी, अठ्ठावीस तारखेची, दुपारी तीनची. उजव्या खुर्चीवर मी, मांगं माय. पाचवं तिकीट काढलं. माइकात बोलाचं होतं ते कागदावर लिहिलं, पाठ केलं, प्रियदर्शनीले दहादा ऐकवलं. दहाव्यांदा ती म्हणाली, ‘आता उतरवा ना तुमचं विमान!’

पण माह्या जिवाले चैन नाही! आमच्या कंपनीची एक रीत आहे, कागदावर कोणाचंबी नाव असो, विमानतळावर येऊन मोबाइलात ‘हजर’चं बटन जो आधी दाबते, ड्युटी त्याची. मले वाटलं, ऐन वेळेले योगेशनं नाव बदललं तर? मी काय केलं? पहाटेच अकोल्याहून निघालो अन् सकाळी पाच वाजता बटन दाबून दिलं. दुपारी तीनच्या विमानासाठी! पाच वाजता! विमानतळाचा झाडूवालाबी आला नोता.

रऊफ कॅप्टनले पुण्याले फोन लावला, मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ‘सर, जागा पक्की केली!’ ते तिकडून म्हणाले, ‘बटन दाबलं? पागल झाला का मियाँ? घड्याळ चालू झालं ना तुहं!’

आता तुमाले सांगतो, आमाले तेरा तासांचा कायदा आहे. हजर झाल्यापासून तेरा तासांत विमान शेवटचं जमिनीवर टेकलं पाह्यजे. काहून की थकला पायलट म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळ. कायदा बरोबर आहे, मी नाव ठेवत नाही! पाच अन् तेरा, संध्याकाळचे सहा. मी म्हटलं, सर, तीनले उडालो तर चार वाजून वीस मिनिटांनी पुण्यात. दीड तासाच्या वर वेळ हाती आहे!

हो. उडालो तर.

दोन वाजता माय आली. पांढरं पातळ, जे ती चौदा एप्रिललेच काढते. पिशवीत धपाटे. सोबत वच्छलामावशी, निरोप द्याले. तपासणीच्या बाईले माय सांगून राहिली, ‘बाई, नीट पाह्य, पन लवकर पाह्य, माहा पोरगा चालवून राहिला, खोळंबीन तो!’ अन् पुण्याहून निरोप आला, विमान उशिरा आहे. तीनचे साडेतीन. साडेतीनचे चार. मी घड्याळाकडं पाहू, आभाळाकडं पाहू, उठू, खिडकीपाशी जाऊ, परत येऊ... माय म्हणे, ‘काहून येरझारा घालून राहिला? इमान का बैल हाये, वाट पाह्यली की येईन?’ मी आपला बसलो.

साडेचारले विमान उतरलं! पाचले निघणार, पुण्यात सहा वाजून वीस मिनिटांनी. वीस मिनिटं! पहाटे पाचच्या ऐवजी साडेपाचले बटन दाबलं असतं... साडेपाचले! पण मले घाई. मायच्या प्रेमाची घाई!

योगेशचा फोन. ‘कॅप्टन, तुमचे तास संपताहेत हो. रागिणी आत्ता विमान घेऊन आली ना, तिचे तास शिल्लक आहेत, तीच परत नेईल. जरा ॲडजस्ट करा.’ रागिणी, आमची दुसरी को-पायलट, अचलपूरची, तीन महिन्यांनी सुट्टी भेटून घरी चालली होती, तिच्या हातात एस.टी.चं रिझर्व्हेशन! ती पोरगी माह्याकडं पाहे, मी तिच्याकडं. दोघांचेबी डोळे भरले, पण कारणं वेगळी. ‘अन् कॅप्टन,’ योगेश म्हणते, ‘उद्या सकाळी पुण्यात तुमची राखीव ड्युटी आहे ना, तर तुम्हीपण याच विमानानं या. प्रवासी म्हणून. एक सीट रिकामी आहे.’

कोणती सीट रिकामी होती? सांगा! मायच्या बाजूची.

मी गणवेशात, टोपी मांडीवर, मायच्या बाजूले. मी आपला बसलो. अख्खं विमान माह्याकडं पाहून राहिलं. मागचा एक काका म्हणे, ‘पायलट अथी बसला, मंग तथी पुढं कोन?’ मायनं पट्टा लावला, माह्याकडं पाह्यलं, पुढच्या बंद दाराकडं पाह्यलं, परत माह्याकडं.

‘नागसेन, तू गेला नाई चालवाले?’

‘नाही ना माय.’

‘काढून टाकलं काय रे तुले?’

मी सगळं सांगितलं, बटन, पाच, तेरा, वीस मिनिटं, रागिणी. सांगता सांगता मी टोपी हातात फिरवत राहिलो, लहान पोरावानी. विमान उडालं, खाली शेतं बारीक बारीक झाली, पण तिनं खिडकीकडं पाह्यलंबी नाही. माहा हात धरला अन् म्हणे, ‘जाऊ दे. माइकात बोलनार होता ते माह्या कानात बोल.’

मंग मी बोललो. तिच्या कानापाशी वाकून. ‘नमस्कार. मी तुमचा सहवैमानिक नागसेन, इंदूबाईचा पोरगा. आज या विमानात माही माय बसली आहे. तिनं मले चालाले शिकवलं, आता मी तिले उडवून दाखवतो.’ मायनं डोळे पुसले अन् पिशवीतून धपाटा काढून माह्या हातावर ठेवला. तुमाले खरं सांगतो, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मले विमानात पहिल्यांदा बरं वाटलं.

संपलं असतं ना इथं? किती चांगलं झालं असतं! पण माय गावाले परत गेली. वच्छलामावशीनं विचारलं, ‘कसं चालवलं वं पोरानं?’ अन् मायनं साऱ्या नांदगावले सांगितलं, ‘लय मोठा साहेब झाला माहा नागसेन! तो काई करत नाई. चालवाले त्यानं एक पोरगी ठेवली हाये, तो नुसता बसते, अन् धपाटे खाते.’

काल योगेशचा फोन आला, कंत्राट वाढलं, आणखी सहा महिने. ‘कॅप्टन, एक तारखेपासून काय करताय?’

मी म्हटलं, ‘बसतो.’