मुळाशी राहिलेल्या पेशी

—नाही नाही, तुमचं बोलून झालं ना सरोजम्मा, आता माझं ऐका. ‘आम्हाला कुठं ठाऊक होतं’ म्हणे! ठाऊक नव्हतं तर विचारायचं. आमच्या स्फूर्तीच्या वरच्या हिरडीला सुपारीएवढी गाठ दिसली आणि तुम्ही काय केलंत? साखरपुडा झालेला, हॉल ठरलेला, आणि तुमच्याकडून फोन — तोही तुम्ही केला नाहीत, जावेकडून करवलात — की आमच्या घराण्यात असले रोग नाहीत, लग्न मोडलं. असले म्हणजे कसले हो? कॅन्सर! डॉक्टरांच्या आधी तुम्हाला कळलं! तुम्हाला कळलं म्हणजे अख्ख्या दावणगेरे गावाला कळलं. माझा भाऊ दोसा खायला बसलेला — बाप आहे तो मुलीचा — शेजारच्या टेबलावर लोक गप्पांत त्याच्याच पोरीचा जबडा कापत होते. अर्धा दोसा ताटात टाकून घरी आला तो.

आणि होतं काय? सांगते ना. ताक घ्या, घ्या हो, विष नाही घातलेलं. डेंटल कॉलेजात गाठी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, हेमलता मॅडम, त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. दाताचं मूळ घडतं तेव्हा त्याला आकार देणाऱ्या पेशींचा एक थर असतो. काम झालं की तो थर तुटतो, पण त्याचे बारीक बारीक पुंजके मागे राहतात — दात हाडाला धरून ठेवणारा पातळ पडदा असतो ना मुळाभोवती, त्यात. जन्मभर गप्प पडून असतात बिचारे. आमची स्फूर्ती लहानपणी शाळेत पायऱ्यांवर आपटली, पुढचा दात आतल्या आत मेला. दुखेना, म्हणून कुणी बघितलं नाही. मग टोकाशी सूज धरली, त्या सुजेनं या पेशी वाढायला लागल्या आणि झाली पाण्याची पिशवी. बस्स! काढली, तपासली, काही वाईट नाही. — तोंड वाकडं कसलं करता? तुमच्याही दातांच्या मुळाशी आहेत त्या. तुमच्या लेकाच्या, विरूपाक्षाच्याही आहेत. अहो, तुमच्या जावेच्यासुद्धा! घराण्यात नाहीत म्हणे!

आणि आता मल्लिगेच्या फुलांचे गजरे घेऊन आलात. ‘झालं गेलं विसरून जाऊ.’ विसरलोच आहोत आम्ही. ती तर केव्हाच विसरली तुमच्या मुलाला. नाव काढत नाही. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आली, तोंडात कापसाचे बोळे, गाल असा फुगलेला — आणि हातानं मला बोलावते. मला वाटलं पाणी हवंय. कान जवळ नेला तर म्हणते, ‘आत्या, तो आला होता का?’ काय सांगणार होते मी? त्या अवस्थेत? म्हटलं, आला होता ना, बाहेर उभा होता सकाळपासून, आत सोडत नाहीत गं कुणाला. हसली हो पोर. टाके ताणत हसली. तेव्हापासून धरून बसलीये ते — की घरचे काही म्हणोत, तो आला होता...

हे कशाला बोलले मी तुमच्यासमोर.

काय? कुठं बसलाय? खाली? गाडीत? म्हणजे आईला वर धाडून हा गाडीत गार हवा खात बसलाय? लाजतो? लाजतो म्हणे! वीस पायऱ्या चढवत नाहीत त्याला, आणि —

स्फूर्ती. तू... झोपली होतीस ना गं? दार कधी उघडलंस? अगं, तसं नव्हतं, ऐक माझं — बाळ, निदान डोक्यावर काही घे, ऊन आहे —

बसा तुम्ही. बसा म्हणते ना! तुम्ही मध्ये जायचं नाही. मी बघते इथून, खिडकीतून दिसतंय सगळं.

काच खाली केली त्यानं. उतरत नाहीये. ती उन्हात उभी आणि हा आत बसून बोलतोय. ती काहीतरी विचारतेय... दुसरं काय विचारणार. मान खाली घातली. आता वर बोट दाखवतोय — इकडे, या खिडकीकडे. तुमच्याकडे, सरोजम्मा. ‘अम्मानं दवाखान्यात सोडलं नाही,’ दुसरं काय सांगणार. सोडलं नव्हतंत ना तुम्ही? — काय? त्यानं विचारलंच नव्हतं?

विचारलंसुद्धा नव्हतं.

अंगठी काढली तिनं. गाडीच्या टपावर ठेवली. नाही, फेकली नाही, नीट ठेवली. वळली. आणि तो — अरे! अहो, गाडी सुरू केली त्यानं! निघाला! अंगठी पडली रस्त्यात, त्याला पत्ता नाही. आईला वर बसवून हा निघाला!

आता डोळे पुसा. उठा. रिक्षा कोपऱ्यावर मिळेल, मागच्या जिन्यानं उतरा. ती पुढच्या जिन्यानं येतेय. जा हो आता, मला तिच्यापाशी गप्प बसायचंय.