एस्तेरबाईंचा रविवार

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर चिपळूणच्या गाडीची रांग होती. माझ्यापुढे एक वहिनी निघाल्या होत्या. नणंद पोचवायला आली होती, हातात नवा मोबाइल घेऊन.

"वहिनी, ऐक तर! सोमवारी दिराचं लग्न होतं आणि माझे ब्लाउज एस्तेरबाईंकडे शिवायला अडकलेले. म्हणाल्या, रविवारी मशीनला हात लावणार नाही, देवाचा वार आहे."

"मग रडायचंस गो थोडं!"

"रडलेसुद्धा! शेवटी चर्चमध्येच गेले, त्यांना ओढून आणायला."

"चपला घालून?"

"छे, बाहेर काढल्या. आत बघते तर सगळे घालून बसलेले! मागच्या बाकावर टेकले. बाईंनी खूण केली, फोन बंद करा. केला. प्रार्थना सुरू झाली आणि मी..."

"काय केलंस नीरजा?"

"झोपले! हे मुंबईला गेल्यापासून ऑफिस, पोरांचे क्लास, सासूबाईंची औषधं, डोळा लागतो कुठे? तिथे चक्क घोरले!"

"उठवलं नाही कुणी?"

"सगळे गेले तरी एस्तेरबाई शेजारी बसून होत्या. म्हणाल्या, तुमच्यासाठी प्रार्थना केली, झोप मोडू नये म्हणून मनातल्या मनात."

"आणि ब्लाउज?"

"सोमवारी पहाटे उठून शिवून दिले. एक हूक राहिला, पण लग्न लागलं! वहिनी, तुझं काही शिवायचं आहे का? रविवारी परत जायचंय."

"चर्चला जायला कापड कशाला गो?"

"रिकाम्या हाताने झोपायला जायची लाज वाटते."

गाडी लागली. वहिनी चढल्या, खिडकीशी बसल्या. गाडी हलली तशी त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"नीरजा! रविवारी चिपळूणहून पहिली गाडी कधी असते गो?"