लोणच्यावरचा दगड

पद्मिनी : दे तो दगड इकडं, ओवी. जुन्या लुगड्यात गुंडाळते अन् गाडीत पायाशी ठेवते.

ओवी : पायाशी नको ना, आजी. सीप का निशान घिस जाएगा.

देवदत्त : थांबा दोघी. आई, तू काहून जाऊन राहिली? मनेंद्रगड काय अभनपूर आहे, गेलं अन् आलं? त्यात ते जीवाश्म उद्यान नदीच्या काठावर. गुडघा पाह्य आपला.

पद्मिनी : काठी आहे.

देवदत्त : ओवी नेऊन देईल ना. कॉलेजात हेच तर शिकून राहिली ती, दगडं अन् माती. दगडातला शिंपला तिनंच तर ओळखला.

पद्मिनी : इतकी वर्षं लोणचं दाबलं त्यानं माझं. मीच नेईन.

देवदत्त : बाबांना तरी ठाऊक होतं का, काय उचलून आणलं ते?

पद्मिनी : त्यांना काय ठाऊक, बाप्पा. रेल्वेची ड्युटी तिकडं, हसदेव नदीवर आंघोळीला जायचे. मी म्हटलं होतं, बरणीत ठेवायला सपाट दगड पाहा. सदर बाजारात मनाजोगा भेटत नव्हता. तर डब्याच्या पिशवीतून हा आणला. अन् मी दर उन्हाळ्यात, कैऱ्या आल्या का, काथ्यानं घासायची. एक बाजू पार कोरी करून टाकली.

ओवी : उधर भी सीप थे, ये पक्का नहीं है, आजी. तुला कुठं माहीत होतं?

पद्मिनी : माहीत नव्हतं, पण हात तर माझाच होता ना. आता वाईट वाटते. राहिलेला एक शिंपला तरी जागेवर जाऊ दे.

देवदत्त : अन् लोणच्यावर काय ठेवशील?

पद्मिनी : वरवंटा.

देवदत्त : तो लवंडते.

पद्मिनी : मग पाण्याची बाटली. तुले लोणच्याची एवढी काळजी कधीपासून? बीपी झाल्यापासून फोडीले हात लावला नाही तू.

(देवदत्त दगड उचलून घेतो.)

देवदत्त : बाबा गेले अन् त्यांची सायकल विकली. कपडे वाटले. शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा लोखंडी पेटी भंगारात दिली, जागा नव्हती म्हणून. त्यांच्या हातानं आणलेलं हे एवढंच राहिलं घरात.

पद्मिनी : मले दिसत नाही का ते? पण दर वेळी म्हणायचे, पुढच्या सुट्टीत तुले नदी दाखवतो. कधी साहेब सुट्टी देत नव्हता, कधी तुझी परीक्षा. आता मी कोणाच्या सुट्टीची वाट पाहणार नाही.

ओवी : पापा, मैंने वहाँ फोन किया था. बोले, ले आइए, देख लेंगे.

देवदत्त : नाही घेतला तर?

पद्मिनी : तर ते आंघोळीला जायचे त्या काठावर ठेवू. परत मात्र आणायचा नाही. घरी आला तर मी पुन्हा बरणीत घालीन, मले माझी खोड ठाऊक आहे.

देवदत्त : रविवारी पहाटे निघू. ऑफिसातल्या पियुषला सांगतो गाडी चालवायला.

पद्मिनी : काहून? तू तर कोणाच्या हाती गाडी देत नाही.

देवदत्त : मी मागं बसतो, तुझ्याजवळ. दगड माझ्या मांडीवर राहू दे.