झिलईच्या चाकांची रोजकीर्द

एनॉक : नीट ऐकून ठेव, केझाया. शेफिल्डचा काटा-चमचा जगभर चमकतो तो पोलादामुळे नाही, चांदीमुळे नाही, आणि राणीसरकारांमुळे तर मुळीच नाही. तो चमकतो एनॉक डंगवर्थच्या झिलईच्या चाकामुळे. हे चाक थांबलं की साम्राज्याच्या जेवणाच्या टेबलावर अंधार!

केझाया : अंधार आताच पडलाय, बाबा. खिडकी अडवून उभे आहात. आणि जाकिटाची बटणं एक घर चुकलीत.

एनॉक : तुझी आई असताना चुकत नसत.

केझाया : आई लावून द्यायची?

एनॉक : छे. लावायचो मीच. ती नुसती बघायची.

केझाया : इकडे या, मी लावते. कारखाना विकत घेतलेल्या बर्मिंगहॅमवाल्यांचा माणूस येईल आता ताबा घ्यायला. असं ध्यान दिसलं तर तो सामानाच्या यादीत तुम्हालाही भंगार म्हणून लिहील.

एनॉक : लिहू दे. हात थरथरायला लागले, चाकाचं लाकूड गोल उतरत नाही, भंगारच म्हणायचं. लेथ ने म्हणावं, सरसाची भांडी ने, कुरुंदाची पूड ने, चाकावर चिकटवायचं वॉलरसचं कातडं ने. वह्यांना मात्र हात लावू देणार नाही.

केझाया : बाबा, करार तुम्हीच केलात. अलीकडच्या सगळ्या रोजकीर्दी त्यांच्या. कोणत्या गिऱ्हाइकाला केवढं चाक लागतं, कोणाच्या चाकाचं कातडं किती दिवसांनी बदलायचं, हे त्यांना दुसरं कोण सांगणार?

एनॉक : अलीकडच्या खुशाल दे. त्या कारकुनाच्या आहेत. 'चाक दिले. चाक आले. चाक दिले.' माणूस लिहितोय की चाकच लिहितंय, कळत नाही. मी म्हणतोय तुझ्या आईच्या वह्या. त्या माझ्याबरोबर तुझ्याकडे येणार, रॉदरहॅमला.

केझाया : तुमच्यासाठी जिन्याखालची खोली रिकामी केलीय. तिच्यात खाट मावते आणि तुम्ही मावता. तेही एकमेकांना सांभाळून घेतलंत तर.

एनॉक : मग खाट नको. वह्यांवर झोपेन.

केझाया : बाबा!

एनॉक : टेकडीवरच्या संग्रहालयात जाऊन विचारलं होतं मी, ठेवून घेता का म्हणून. म्हटलं, महिन्यातून एकदा येऊन बघत जाईन. तिथला गृहस्थ फार सभ्य. म्हणाला, कोणा थोर माणसाच्या आहेत का? म्हटलं, माझ्या बायकोच्या आहेत. म्हणाला, जाताना दार ओढून घ्या. पण तू बघ, शंभर वर्षांनी विद्वान लोक धावत येतील ह्या वह्यांसाठी.

केझाया : वॉलरसच्या कातड्याचं चाक कोणी का परत केलं, हे वाचायला? विद्वानांवर अशी वेळ येणार असेल तर मला त्यांच्या आयांची कीव येते.

एनॉक : तू तिचा शेऱ्याचा रकाना वाचलेला नाहीस. 'मिस्टर क्रेसवेल आले. चाक पाहिले. हवामानावर बोलले. चाक इथेच राहिले, हवामान सोबत घेऊन गेले.' असं लिहायची. एका पाद्रीबाबांनी चर्चच्या मेणबत्तीदानांसाठी चाक उधार मागितलं, तर पुढे शेरा, 'ह्यांचा देवावर विश्वास आहे. आमचा ह्यांच्यावर नाही.'

केझाया : आई? आमच्याशी तर कधी दोन वाक्यंही धड बोलायची नाही.

एनॉक : माझ्याशी कुठे बोलायची! जे काही बोलली ते त्या रकान्यात. आम्ही एकाच घरात, मग पत्र तरी कशाला लिहील ती मला? फोटो काढायला गेलो तेव्हा नेमकी हलली; मी नीट आलोय आणि शेजारी धुकं. तिच्या हातचं दुसरं काय उरलंय माझ्याकडे? लग्नाच्या नोंदीतली सही. तिथे शेऱ्याला जागाच नव्हती.

केझाया : बाबा... ह्या वह्या म्हणजे खालच्या फळीवरच्या? काळ्या पुठ्ठ्याच्या?

एनॉक : त्याच.

केझाया : करारात नव्हत्या त्या.

एनॉक : नव्हत्या. म्हणून तर माझ्या.

केझाया : मला वाटलं, म्हणून कोणाच्याच नाहीत.

एनॉक : काय केलंस तू?

(दार ढकलून समोरच्या झिलईखान्याची मुकादमीण सारा-अ‍ॅन आत येते. डोक्याला लाल फडकं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांना कागद गुंडाळून सुतळीने बांधलेला.)

सारा-अ‍ॅन : केझी, पोरी, शंभर वर्षं जग! काय कागद दिलास गं सकाळी! वर्तमानपत्र घातलं की चाकावरचं तेल न् वाळू उडून दुपारच्या आत पार लगदा. हा कसा ढालीसारखा उभा आहे बघ. पोरी विचारतायत, अजून आहे का?

एनॉक : सारा-अ‍ॅन, तुझ्या पायाला काय आहे?

सारा-अ‍ॅन : कागद. इतकी वर्षं तुझ्या चाकांवर चमचे घासतेय, आणि माझे पाय तुला आज दिसले होय?

एनॉक : त्याच्यावर काय आहे?

सारा-अ‍ॅन : वर चिखल. खाली शाई. त्याच्याखाली मी. आणखी चौकशी केलीस तर लग्नाची मागणी समजेन, सांगून ठेवते.

केझाया : सारामावशी, त्या आईच्या वह्या होत्या.

सारा-अ‍ॅन : कोणाच्या?

केझाया : आईच्या. तिच्या हातच्या. मी रद्दी समजून दिल्या तुम्हाला.

सारा-अ‍ॅन : मर्सीच्या? अगं मेले, मग सांगायचं नाहीस! मला का वाचता येतंय? मला सगळी शाई सारखीच.

एनॉक : बाकीच्या कुठे आहेत?

सारा-अ‍ॅन : पोरींनी पानं फाडून वाटून घेतली रे. कोणाच्या पायाला, कोणाच्या पोटाला. पुठ्ठे जाळून त्यावर चहाचं आधण ठेवलं. चहा झकास झाला, खोटं कशाला सांगू.

केझाया : आता लगेच सोडून घेतले तर? मी वाळवीन एकेक. इस्त्री करीन.

सारा-अ‍ॅन : नाही गं. वर चिखल वाळून खापरासारखा होतो आणि कागद आतून ओला. सोडायला गेलं की हातात चिंध्या. म्हणून तर सुट्टी झाली की आम्ही ओरबाडून सरळ शेगडीत घालतो.

केझाया : बाबा, बसा तुम्ही.

एनॉक : मी हिशेब केला होता, केझाया. जिन्याखाली बसून रोज एक पान वाचायचं. दोन नाही, कितीही वाटलं तरी. म्हणजे मी संपेन, पण ती संपणार नाही.

केझाया : चुकलं माझं.

एनॉक : तुझं कसलं चुकलं. रद्दीसारख्याच दिसायच्या त्या. मीच कधी कोणाला सांगितलं नाही.

सारा-अ‍ॅन : ए, पुरे झालं दोघांचं. एनॉक, ती खुर्ची ओढ इकडे. हा बघ, ठेवला पाय वर. माझा कागद अजून धड आहे, मी आज पोरींना ओरडण्यातच होते, चाकावर बसलेच नाही फारशी. वाच. मी हलत नाही.

केझाया : मावशी, बर्मिंगहॅमचा माणूस येईल इतक्यात! त्याने हे असं पाहिलं तर काय म्हणेल?

सारा-अ‍ॅन : त्याला सांग, मालाची तपासणी चाललीय. वाच रे तू.

एनॉक : चिखल आहे इथे.

सारा-अ‍ॅन : मग फुंकर मार. लाजतोस काय ह्या वयात!

एनॉक : 'मार्च, अठराशे एकोणऐंशी.' तिचंच आहे, केझाया. बघ, ओळ शेवटी वर चढते. रेघ आखलेली असली तरी चढायची.

केझाया : काय लिहिलंय?

एनॉक : 'बारा इंची चाके, वॉलरस, दोन. सरस सुटला म्हणून परत.' आणि शेरा... 'गिऱ्हाईक फार ओरडले. एनॉकने माफी मागितली. चूक एनॉकची नव्हती, थंडीची होती.'

सारा-अ‍ॅन : बघ. तुझीच बाजू घेतलीय.

एनॉक : त्या दिवशी जेवताना मला म्हणाली, चूक तुझीच.

केझाया : पुढे वाचा, बाबा.

एनॉक : थांब जरा. चष्म्यावर तेल उडालं.

सारा-अ‍ॅन : मी तसूभर हललेले नाही.

एनॉक : 'संध्याकाळी सरस ढवळताना एनॉक गात होता. वाईट गातो. कारखान्याचे दार मी मुद्दाम उघडे ठेवले. त्याला एकदा सांगायला हवे की...'

केझाया : की?

एनॉक : नडगी संपली.

सारा-अ‍ॅन : अशी कशी संपली? नीट बघ, पोटरीकडे असेल.

एनॉक : पोटरीकडे दुसऱ्याच कोणाची चाकं आहेत.

केझाया : बाबा, फाटकात बग्गी थांबली. तो आला. उतरतोय.

एनॉक : त्याला म्हणावं, बाहेर थांब. ती गेल्यापासून मी नऊ वर्षं थांबलोय. सारा-अ‍ॅन...

सारा-अ‍ॅन : काय रे?

एनॉक : जरा दुसरा पाय वर घे.