टीव्हीतल्या बैलांचा पोळा

(तेलंगणातलं इचोडा. भाजीच्या दुकानामागची कांद्याची खोली. भिंतीवर टीव्ही, समोर सतरंजीवर चार मुलं: हर्षाली, चंदन आणि आणखी दोघं.)

रंजीता : ...म्हणून म्हणते मामाजी, हा आमचा क्लब म्हणजे नुसता खेळ नाही. शाळेत न जाणारी ही चार मुलं मिळून एक अख्खं गाव चालवतात. नियोजन शिकतात, हिशेब शिकतात...

अमृतराव : चालवू दे. मी एकच गोष्ट पाह्यतो. आता हैदराबादहून भूषणचा फोन येईन. पोरगी इथं काही शिकून राह्यली असं दिसलं, तं घरी राह्यन. नाही तं उद्या भैंशाच्या हॉस्टेलात. कबूल?

रंजीता : कबूल. पण तुमच्या मुलाला हेही सांगा, दोन वर्षं शाळेत होती तेव्हा वर्गात तिनं तोंडातून शब्द काढला नाही. सगळं तेलुगूत. घरी यायची तीही मुकीच.

अमृतराव : इथं तरी कुठं काढून राह्यली? बटनं दाबून राह्यली. हर्षाली, काय वं हे?

हर्षाली : गाव.

अमृतराव : अन् हे?

हर्षाली : बैल.

अमृतराव : पाह्य. एकेक शब्द. मोजून देल्यासारखी बोलते.

रंजीता : तिचं लक्ष स्पर्धेत आहे. पलीकडून नागपूरची मुलं खेळताहेत, तीही घरीच शिकतात. ज्यांचं शेत आधी नांगरून होईल, ते जिंकले.

अमृतराव : काय होईन म्हणलं?

रंजीता : नांगरून.

अमृतराव : आज?

रंजीता : हो, स्पर्धा आजच आहे ना.

अमृतराव : बंद करा! काढा ते जू! आज पोळा हाय पोळा! बैलाच्या खांद्यावर जू ठेवून राह्यले, काही लाज?

रंजीता : मामाजी, ते खरे बैल नाहीत हो.

अमृतराव : मातीचे बैल खरे असतात का? तरी त्याईची पूजा करतेच ना तू? त्याईले आजच्या दिवशी कोणी नांगराले जुपलं का आजवर?

रंजीता : ...नाही.

अमृतराव : मंग! अन् श्रावणाच्या अमावस्येले नांगरट कोण करते? हा गेम बनवणाऱ्यानं वावर पाह्यलं नाही बिलकुल.

हर्षाली : आबा, थांबलो तं हरू.

अमृतराव : हर. माणसं हरतात. नावं काय या बैलाईची?

हर्षाली : एक नंबर. दोन नंबर.

अमृतराव : अरे बाप्पा! जेलातले कैदी हायेत का? हा पांढरा चांद्या. अन् तो लाल्या.

रंजीता : मामाजी, ती तर आपल्या बैलांची नावं.

अमृतराव : आपले कुठं राह्यले आता? ट्रॅक्टर आला, जोडी इकली. मागच्या पोळ्याले ताट घेऊन दारात उभा होतो, पाय धुवाले कोणी नव्हतं. लय वाईट वाटलं पोरी मले. कोणाले सांगतलं नाही.

रंजीता : मला तरी सांगायचं... अहो, अहो, तांब्या खाली ठेवा! टीव्ही आहे तो!

अमृतराव : पाय धुवाचे हायेत.

रंजीता : खाली वायर आहे! पाणी नको!

अमृतराव : बरं, कुंकू तं लावू दे. हर्षाली, उभा ठेव त्याले. हालून राह्यला.

हर्षाली : आबा, ते शेपूट हाय. तोंड इकडं.

अमृतराव : घरचा हाय, राग नाही मानत. आण पुरणपोळी. चंदन, तू खा चांद्याच्या नावानं. त्याचं तोंड काचेच्या आत हाय. ...अन् हे पलीकडचे बैल काऊन चालून राह्यले?

हर्षाली : ते नागपूरचे.

अमृतराव : नागपुरात पोळा नाही का? सांग त्याईले.

हर्षाली : मी?

अमृतराव : मी बोललो तं शिव्या निंगतीन. माईक तुह्या कानाले हाय. तू बोल.

हर्षाली : ...हॅलो. ...आज पोळा हाय. तुमचे बैल सोडा. ...गेम हाय तं काय झालं? आमचे उभे हायेत अन् तुमचे राबून राह्यले, बरं दिसते का ते? ...हरून राह्यलो म्हणून नाही! जिंकत असतो तरी सोडले असते! ...आजी हाय का तुह्या घरी? बोलाव तिले. बोलाव म्हणलं ना!

रंजीता : मामाजी, ऐकताय ना? ही...

अमृतराव : चूप. बोलू दे.

हर्षाली : नमस्कार आजी. मी हर्षाली, इचोड्याहून. तुमच्या नातवानं पोळ्याच्या दिवशी बैल जुपले. ...हो, आत्ता. ...हो, तुमच्याच टीव्हीत. ...आबा, आजी चप्पल शोधून राह्यली.

रंजीता : सुटले! नागपूरचे बैल सुटले!

हर्षाली : आबा, आजी विचारते, आंघोळ कुठं घालाची?

अमृतराव : नदी नाही का गेमात?

हर्षाली : हाय. पण तिच्यात मगर हाय.

अमृतराव : मंग तळ्यावर न्या म्हणा. अन् शिंगाले रंग लावा म्हणा.

हर्षाली : आजी, नदीवर नका नेऊ. देवळाच्या मांगं तळं हाय, मी रस्ता सांगते. आधी पुलावरून या. नाही, तो पूल नाही, दुसरा...

रंजीता : वेळ संपली, मामाजी. पडद्यावर आलं बघा, दोन्ही गावं हरली. शेत तसंच पडून. आणि फोनही वाजतोय, यांचाच आहे. काय सांगणार हो तुम्ही?

अमृतराव : आण इकडं. ...हां, भूषण. पाह्यला क्लब. ...हरले. दोन्ही गावं हरले. ...हिशेब? मले तं नाही दिसला बाप्पा. ...नाही. हॉस्टेलात नाही पाठवत. ...काऊन म्हणजे? ...कोणता आवाज? ...टीव्ही नाही रे तो. तुही पोरगी हाय. बोलून राह्यली.