स्वखुशीने बोटीवर गेल्याबाबत

जबाब
दि. १९/०१/२०२५

मी, सरुबाई कोंडाजी येवले, वय अंदाजे ७४ वर्षे, धंदा शेती, रा. बेडसे, ता. मावळ, जि. पुणे. जबाब घेणारे हवालदार बजरंग यांनी मला नाव-गाव विचारले. त्यांच्या बारशाला पाळण्याची दोरी मी ओढली होती, हे ते विसरलेले दिसतात. म्हणून पुन्हा सांगितले. मला लिहिता येत नाही. मी सांगते, ते लिहितात.

समक्ष हजर राहून सांगते की, माझा मुलगा भिमाजी याने दि. ९ रोजी तक्रार दिली, की त्याची मुलगी प्रेरणा, वय २६, हिने मला फूस लावून पळवून नेले. माझे वय वर लिहिले आहे, ते पुन्हा वाचावे.

प्रेरणा शिडाच्या बोटीवर कामाला आहे. ते भिमाजीला पसंत नाही. चार महिने तो तिच्याशी बोलत नाही, तिचा फोन घेत नाही. ती देहूरोडला आत्याकडे राहते. बोट मुंबईहून गोव्याला न्यायची होती. मी तिला म्हणाले, "मला ने. तुजा बाप म्हणतो तितं पोरी बुडत्यात. मी बघून येते." बोटीच्या मालकांची परवानगी होती.

मी न कळवता गेले हे खरे नाही. तोंडाने सांगितले असते तर भिमाजीने जाऊ दिले नसते. पूर्वी माहेरी जाताना मी चुलीजवळच्या खुंटीला फडके बांधून जाई. जितके दिवस तितक्या गाठी. घरच्यांनी रोज एक सोडायची. दि. ६ रोजी सकाळी तसेच बारा गाठींचे फडके बांधले. लहानपणी भिमाजी एका दिवसात दोन-दोन गाठी सोडायचा आणि मी वेळेवर आले तरी रुसायचा. आता विसरला. तिसऱ्या दिवशी सून सविता हिने गाठी सोडून फडके धुतले व इस्त्री केली. तिचा दोष नाही, तिला कोणी सांगितले नव्हते. शेजारच्या नंदाबाईने मला प्रेरणाबरोबर रिक्षात बसताना पाहिले होते, त्यावरून तक्रार झाली. प्रेरणाने रत्नागिरीहून तीनदा फोन केला, तो भिमाजीने कापला.

रत्नागिरीस राजवाडा पाहिला. परमुलखातल्या राजाला तिथे कैदेत ठेवले होते म्हणे. कैद्याला एवढ्या खिडक्या मी प्रथमच पाहिल्या. मालवणास पाण्यातला किल्ला पाहिला. आत विहीर गोड्या पाण्याची. मी पिऊन खात्री केली. पणजीस पांढरे चर्च व त्यापुढे पायऱ्या. सोबतची मंडळी धापा टाकत होती. मी आमच्या बेडशाच्या लेण्यांच्या पायऱ्या चढून मोठी झालेली, वर जाऊन त्यांची वाट बघत बसले. प्रेरणा म्हणाली, "आजी, फोटो काढते, हस की." मी म्हणाले, "हसू कशानं? दात ऱ्हायलेत व्हय?"

मालवण सोडल्यावर वारा वाढला व बोट एका अंगावर कलली. बोटीवरचे दोघे पुरुष प्रेरणाकडे बघू लागले. प्रेरणाने शीड लहान करायला लावले व स्वतः सुकाणू धरले. मला ओरडली, "आजी, खाली बस, कठडा सोडू नको!" माझ्यावर आजवर असे कोणी ओरडले नव्हते. मी बसले. तिच्या कमरेला दोर बांधलेला होता, तो मी दोनदा ओढून बघितला. पक्का होता. मला भीती वाटली का, असे हवालदारांनी विचारले. उत्तर लिहू नका म्हणून सांगितले आहे.

दि. १८ रोजी आम्ही बसने परत आलो. दि. २२ रोजी प्रेरणाची बोट पणजीहून कोचीनला निघणार आहे. तक्रार राहिली तर मालक तिला घेणार नाहीत. मी स्वखुशीने गेले, स्वखुशीने आले. तक्रार काढून टाकावी. भिमाजी बाहेर बाकावर आहे. मघाशी आत डोकावून म्हणाला, "आये, पोरगी नीट हाय का?" मी म्हणाले, "तक्रार तू दिलीस, चौकशी बी तूच कर."

हवालदारांनी सगळे मला ऐकवले. दोन ठिकाणी माझे बोलणे सभ्य केले आहे, ते चालेल. बाकी मी सांगितले तसेच आहे. अंगठा देते.

भिमाजीसाठी जादा लिहून घ्यावे: प्रेरणाची बस मंगळवारी संध्याकाळी पाचला सोमाटणे फाट्यावरून आहे. सविताने तीळ लावलेल्या कडक बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी व दोन किलो इंद्रायणी तांदूळ बांधावा. लोणचे नको, बोट कलली की सांडते. डबा भिमाजीने स्वतः न्यावा. संक्रांतीचा तिळगूळ द्यायचा राहिला आहे. तो डब्यात घालू नये, तिच्या हातावर द्यावा.